मागे वळून बघायचं नाही

परदेशातल्या त्या गल्लीत बायकोला एक लाकडी घुबड भलतंच आवडलं. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर किंमत दाखवली. हिने सवयीप्रमाणे तिथल्या तिथे निम्मी करून कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला. तो नुसता हसून मान हलवत राहिला, तशी ही माझा हात धरून तरातरा बाहेर पडली.

"अहो, मागे वळून बघू नका. दहा पावलांत हाक मारतो की नाही बघा."

दहा झाली, पन्नास झाली. गल्ली संपत आली, तेव्हा कुठे मागून कुणीतरी धावत येत असल्याचा आवाज आला.

"आला बघा," ही पुटपुटली आणि आपल्याला काही पडलेली नाही असा चेहरा करून उभी राहिली.

दुकानदार धापा टाकत आला आणि माझा चष्मा माझ्या हातात ठेवून हसत परत गेला.

"काय हा वेंधळेपणा तुमचा," ही कडाडली.

"वेंधळेपणा कसला? मुद्दाम ठेवून आलो होतो. परत जायला काही निमित्त नको का?"

ही गर्रकन दुकानाच्या दिशेने वळली.

 

"घाला तो चष्मा आणि चला. माझी छत्री अजून दुकानातच आहे."