गोष्टीची पायरी

"पुन्हा एकदा. बोटाने शब्द धर आणि वाच."

वर्ग जिला गोगलगाय म्हणायचा, त्या पोरीने कार्डावर बोट ठेवलं. 'नदीच्या काठी एक' इथपर्यंत ती आली आणि थांबली.

"एक काय?" बाईंनी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बाईंनी कपाळाला हात लावला. उद्या तपासणीला साहेब येणार होते. तिसरीतल्या प्रत्येक मुलाने वाचनाच्या चार पायऱ्या चढायच्या, अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गोष्ट, असा वरचा हुकूम होता. एक मूल जरी खाली राहिलं तरी वर्ग काढून घेईन, असं हेडबाईंनी बजावलं होतं.

जी मुलं अडकत त्यांना बाई शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत थांबवून घेत. गोष्ट वाचली की सुटका, हा बाईंचा नियम. वर्षाच्या सुरुवातीला निम्मा वर्ग थांबायचा. मग एकेक पाखरू उडून गेलं आणि उरली ही एकटी. दप्तर भरायलाही तिला इतका वेळ लागायचा की मुलांनी नावच गोगलगाय ठेवलं होतं.

पोरगी म्हणजे एक कोडंच होतं. काल 'डोंगर' घडाघडा वाचायची, आज त्याच डोंगरापाशी घोडं पेंड खायचं. मागे एकदा शेजारची मुलगी अडली तेव्हा हिचे ओठ हलल्यासारखे वाटले होते. ऐकून ऐकून पाठ झालं असेल, म्हणून बाईंनी ते सोडून दिलं.

बरं, घरात कुणी लक्ष देत नाही म्हणावं, तर तसंही नाही. वडील नव्हते, आई लाँड्रीत राबायची, पण काका दिवसभर घरीच असायचे. काय सालस माणूस! स्वतःहून शाळेत आले होते. "कशाला जीव आटवताय, बाई? पालथ्या घड्यावर पाणी आहे ते. माझ्याबरोबर पाठवत जा, मी घेईन तिचा अभ्यास." बाईंना केवढा आधार वाटला होता! पण त्या दिवशी काकांसमोर पोरीला साधं 'क' सुद्धा ओळखता आलं नाही. मग बाईंनाच लाज वाटली. त्यांनी हट्टाने तिला ठेवून घेतलं.

"बगळा," बाई आता थकून म्हणाल्या. "एक बगळा. किती सोपं आहे गं." आणि त्यांचा बांध फुटला. "तुझं नाही चुकत. मलाच शिकवता येत नाही. इतकी वर्षं मी नुसता खडू झिजवला."

बाईंना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने कार्ड पुढे ओढलं, फ्रॉकला पुसलं आणि वाचू लागली. नदी, बगळा, मासे, सगळी गोष्ट. कार्ड उलटून मागचा चौथीचा उतारासुद्धा. जोडाक्षरांपाशीही अडखळली नाही.

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिला छातीशी धरलं. आनंद पोटात मावेना, म्हणून तिथूनच काकांना फोन लावला.

"वाचते हो तुमची पोर! आत्ताच घेऊन जा. उद्यापासून शाळा सुटली की थेट घरी."

"आलोच," काका म्हणाले.

पोरगी दप्तर भरत होती. पेन्सिल आत ठेवायची, बाहेर काढायची, परत ठेवायची.

"लबाडे," बाई डोळे पुसत हसल्या. "एवढं येत होतं, मग वर्षभर माझा अंत का पाहिलास?"

बाहेर फाटक वाजलं. पोरीने मान वर केली नाही.

"वाचता आलं की तुम्ही घरी पाठवता, बाई. आई तर दिवे लागल्यावर येते."