आबांचं मत

“आबा, पण तुमाला मतं किती पडली?”

वैष्णवीनं विचारलं आणि नववीच्या वर्गातली कुजबुज एकदम थांबली. पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेल्या आबांनी आधी टोपी सारखी केली, मग उपरणं.

खरं तर आबांना बोलावलं होतं ते त्यांचं कौतुक करायला. नागरिकशास्त्राच्या आरती मॅडमनी फळ्यावर वादाचा विषय लिहिला होता, ‘गावाची निवडणूक बिनविरोध व्हावी की मतदानानं?’ आणि या विषयात आबांहून मोठा जाणकार पासली गावाच्या वरच्या अंगाला दुसरा नव्हता. पंचायतीवर ते पाच वेळा निवडून आले आणि पाचही वेळा बिनविरोध. आरक्षण बदललं की खुर्ची बदलायची. कधी सरपंच, कधी उपसरपंच, कधी नुसते सदस्य. पण आबा काही पंचायतीबाहेर पडले नाहीत. निवडणूक जवळ आली की भैरवनाथाच्या देवळात बैठक बसे, चहा होई, नारळ फुटे. कुणाला उभं राहायची हौस आलीच, तर तो अर्ज मागे घेईपर्यंत आबा त्याची समजूत काढत. पुढच्या महिन्यात त्यांना सहाव्यांदा अर्ज भरायचा होता.

“पोरी, मतं पडायला आधी मतदान व्हावं लागतं,” आबा शेवटी हसून म्हणाले. “आपल्या गावात त्ये झालंच न्हाई. भांडण न्हाई, तंटा न्हाई. सगळं गाव माज्या मागं हाय.”

“मागं हाय का नुसतं गप हाय, ते कसं कळतं?” वैष्णवी म्हणाली. “गेल्या टायमाला आमच्या आजीनं अर्ज भरला हुता. तुमी वस्तीवर आला, साडी दिली, आजीनं अर्ज मागं घेतला. पन ती साडी तिनं अजून नेसली न्हाई.”

वर्गात खसखस पिकली. वैष्णवीची आजी म्हणजे डोंगरावरच्या धनगरवस्तीतली धोंडाबाई. आबांना ती साडी चांगली आठवत होती. रंग त्यांनी स्वतः निवडला होता. त्यांना वाईट वाटलं, आणि पोर खोटं बोलत नाही याचं जास्त वाईट वाटलं.

“मॅडम, हात वर करून मिटवू,” सूरज म्हणाला. सूरज आबांचा नातू. बिनविरोधसाठी पहिला हात त्याचाच वर गेला. त्याच्याकडे बघून गोरखचा गेला, गोरखकडे बघून बाकीच्यांचे. बावीस मुलांत एकवीस हात वर. वैष्णवीनं मात्र आपले हात मांडीखाली दाबून धरले. आबांचा जीव भांड्यात पडला.

“एकटी कशाला आडून बसती?” सूरज म्हणाला. “तूबी कर की वर. म्हंजी हेबी बिनविरोध हुईल.”

पोरगी हटेना. मग आरती मॅडमनी वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या आणि खडूंचा रिकामा खोका टेबलावर ठेवला. चिठ्ठीवर ‘बिनविरोध’ किंवा ‘मतदान’, एवढंच लिहायचं. नाव किंवा सही दिसली की मत बाद.

एकेक जण कोपऱ्यात जाऊन लिहू लागला. आबा बघत होते. आत्ताच सूरजकडे बघून हात वर करणारा गोरख आता सूरजकडेच पाठ करून लिहीत होता. स्वप्नालीनं तर ओढणीआड चिठ्ठी धरली होती. ही पोरं गणिताच्या पेपरलासुद्धा एवढं झाकून लिहीत नसत.

आबा अस्वस्थ झाले. आमदारकी-खासदारकीला ते न चुकता मत देत. पण आपल्या गावासाठी चिठ्ठी टाकायची वेळ गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्यावर आली नव्हती, आणि त्यांनीच ती कुणावर येऊ दिली नव्हती.

“मलाबी एक द्या, मॅडम,” ते म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सूरज सगळ्यात जोरात वाजवत होता. आबांचं मत कुणीकडं जाणार याची त्याला खात्रीच होती. आबा कोपऱ्यात गेले. बावीस मुलांपेक्षा त्यांना जास्त वेळ लागला.

मोजणी सुरू झाली. मॅडम चिठ्ठी उघडून वाचत आणि फळ्यावर रेघ ओढत. बिनविरोधच्या रेघा अकरा झाल्या. मतदानाच्याही अकरा झाल्या. एकवीस हात वर गेले होते, त्यातले दहा फिरले होते. कोण ते दहा? आबांनी एकेका तोंडाकडे बघितलं. सगळी तोंडं सारखीच भोळी दिसत होती.

शेवटची चिठ्ठी मॅडमनी उघडली. त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं आणि चिठ्ठी पुन्हा घडी घालून ठेवली.

“सही केलेली आहे,” त्या म्हणाल्या. “मत बाद.”

कुणाची सही, हे विचारायची गरजच नव्हती. पंचायतीच्या ठरावांवर सह्या करून करून आबांच्या हाताला सवयच लागली होती; कागद पुढे आला की खाली सही. आबा ओशाळून खाली बघू लागले.

सूरजनं संधी साधली. “आकरा-आकरा! आता वाद नको, मॅडम. उद्या देवळात बसू. आबा नारळ फोडत्याल, तिथंच मिटवून टाकू. व्हय ना, आबा?”

सगळा वर्ग आबांकडे वळला. वैष्णवीसुद्धा. आबा खुर्चीतून उठले, टेबलापाशी गेले आणि त्यांनी मॅडमपुढे हात पसरला.

“नारळ ऱ्हाऊ दे. आनी एक चिठ्ठी द्या, मॅडम. परत घ्या मतदान. ह्या टायमाला म्या सही करत न्हाई.”