दक्षिणेची बाजू

२००५ साल. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या एका शाळेत आठवीच्या वर्गाचा डिबेट होता: पळून गेलेले गुलाम मालकाला परत द्यावेत का? दीडशे वर्षांपूर्वी याच भांडणातून देशात यादवी पेटली होती. शिवांगीच्या वाट्याला दक्षिणेची, म्हणजे मालकांची बाजू आली. तिला एकही मुद्दा सुचेना. बाबांनी मात्र भाजी चिरता चिरता धडाधड सांगितले.

"मालक त्यांना पोटभर जेवू घालतो, दुखलंखुपलं बघतो. मोकळं सोडलं तर उपाशी मरतील. ते सुखातच असतात गं, बाहेरचे लोक येऊन त्यांची डोकी भडकवतात."

शिवांगी जिंकली. विरुद्ध बाजूने बोलणारी तिची काळी मैत्रीण टिफनी उत्तर देता देता थांबली आणि रडत वर्गाबाहेर गेली. परतताना बसमध्ये ती शिवांगीशेजारी बसली नाही.

घरी आल्यावर शिवांगीला हुंदका आवरेना. "शी हेट्स मी, बाबा! असले पॉइंट्स तुला मिळाले कुठे? इंटरनेटवर?"

बाबा हसले.

"इंटरनेट कशाला लागतंय? आपल्या शेतावरच्या सालगड्यांबद्दल तुझे आजोबा अजूनही हेच सांगतात."