पिशव्या धरणारी

उद्यानातला जुना आकाशपाळणा काढून तिथे चंद्रांगण बांधलं होतं. त्याच्या कुंपणाच्या आत माणसाचं वजन सहावा हिस्साच उरायचं.

घरचे पाळण्यात बसले की खाली सगळ्यांच्या पिशव्या, चपला, चष्मे सांभाळायचे, हे इंदुमती देवस्थळींचं चाळीस वर्षांचं काम. आजही त्यांनी सवयीने हात पुढे केला.

सून मृण्मयीने उलट त्यांचीच पिशवी काढून घेतली. "आई, आज तुम्ही जा. आत गुडघ्यांवर भार येत नाही."

इंदुमतींनी बिचकत पाऊल टाकलं. कळ आली नाही. त्यांनी दुसरं टाकलं, मग पदर खोचला आणि उडी मारली. त्या थेट कुंपणाच्या वर दिसल्या.

तासाभराने मृण्मयी म्हणाली, "आई, आता मी जाऊ?"

"जाशील गं," वरून उत्तर आलं. "तोवर माझा चष्मा धर."