मैत्री येईपर्यंत

केतननं फोन ठेवला तेव्हा सासूबाई आत कणीक मळत होत्या.

फोन त्याच्या बायकोचा, मैत्रीचा होता, ल्यूनेबुर्गच्या हॉस्पिटलमधून. तिचा धाकटा भाऊ संघर्ष सकाळी वोल्फ्सबुर्गहून हॅम्बर्गला यायला निघाला होता. धुक्यात ऑटोबानवर त्याची गाडी ट्रकखाली गेली. ओळख पटवायला पोलिसांनी मैत्रीला तिच्या कामावरून, लॅबमधून परस्पर नेलं होतं.

"मी येईपर्यंत आईला कळू देऊ नकोस," ती म्हणाली. "मीच सांगेन. शब्द दे."

केतननं दिला. सासूबाईंच्या, चारुलताबाईंच्या बायपासला अजून वर्षही झालं नव्हतं.

"कुठवर पोचला म्हणे?" आतून आवाज आला.

"श्टाऊ लागलाय, आई. दोन तास गाड्या जागच्या हलल्या नाहीत."

"जेवायला पोचेल ना?"

"पोचेल."

केतन युनिव्हर्सिटीत मध्ययुगीन तर्कशास्त्र शिकवायचा. त्या काळी शिष्यांची एक परीक्षा असे. गुरू एक धडधडीत खोटं विधान द्यायचे. शिष्यानं ते खरं मानायचं आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्याला धरूनच उत्तर द्यायचं. अडखळला की हरला. दर सेमिस्टरला केतन विद्यार्थ्यांकडून हा खेळ करून घेई. चार-पाच प्रश्नांत ते अडकत आणि हसत.

चारुलताबाई बाहेर आल्या. बोटांना कणीक तशीच होती. "त्याचा फोन का लागत नाही?"

"बॅटरी संपली असेल."

"मग श्टाऊचं कुणी सांगितलं?"

"मैत्रीनं."

"आणि तिला?"

बाईंनी नागपूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"केतन," त्या म्हणाल्या. जावयाला त्यांनी आजवर नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती. "तुम्ही खोटं बोलताय?"

अशाच एका वाक्यावर त्याचा अख्खा प्रबंध होता. 'मी खोटं बोलतो आहे.' खरं मानलं तर ते खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. शेकडो वर्षं मोठमोठे पंडित त्यावर भांडले. कुणाला सुटलं नाही.

"मी खोटं बोलतोय, आई."

त्यांना लगेच कळलं.

"गेला?"

केतननं मान डोलावली. "वाटेत अपघात झाला, मैत्री तिथंच गेलीय."

त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आवाज फुटला नाही, नुसते खांदे हलत राहिले. केतन पाणी घेऊन आला. ते त्यांनी घेतलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मैत्री एकटीच गेली तिकडं?"

"हो. मला म्हणाली, आईला मीच सांगेन. मी शब्द दिला होता."

"काय बोलायचं ते वाटभर घोकत येत असेल पोर." त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरून स्वतःला उभं केलं. "मला काही माहीत नाही. समजलं?"

त्यांनी बेसिनवर थंड पाण्यानं तोंड धुतलं, केस सारखे केले आणि येऊन बसल्या.

पाऊण तासानं दारात किल्ली फिरली. मैत्री उंबऱ्यातच थांबली. तिचे ओठ हलत होते, शब्द निघत नव्हता.

चारुलताबाई उठल्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "संघर्ष कुठाय गं?"