दुसरीचा राजीनामा

हेमांगीने नोकरी सोडून चार महिने झाले, तरी तिची संगणकी प्रतिकृती कंपनीत रोज कामावर होती. तोच चेहरा, तोच आवाज. भोपटकर साहेबांना ओरडायला तेवढं पुरत होतं.

आज कामगार न्यायालयाच्या हुकमाने ती प्रतिकृती हेमांगीच्या ताब्यात आली. तिथल्या कारकून बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "सही करण्याआधी बघून घ्या, ताई."

पडदा उजळताच आतली हेमांगी दचकली. "सॉरी सर, लगेच करते!"

"सर नाहीत गं. मी आहे. तुझाही राजीनामा मंजूर झाला."

तेवढ्यात पडद्यावर भोपटकरांचा फोन वाजू लागला. आतलीचा हात सवयीने पुढे झाला.

"वाजू दे," हेमांगी म्हणाली.

फोन थकून गप्प होईपर्यंत दोघी ऐकत बसल्या. मग आधी आतली हसली.