रबराची कड

पोहण्याच्या क्लबने परत केलेलं मोनोफिन ताईने दुकानातल्या टेबलावर पालथं घातलं, रबराच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते धाकट्या भावाकडे सरकवलं.

"बघ. सुटलेलं रबर असं दिसतं?"

बारा वर्षं पंक्चर काढण्यात घालवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. सोल्यूशन सुटलं की कड दातेरी होते, वाळलेला चीक लोंबत राहतो. ही कड सरळ होती, सुरी फिरल्यासारखी.

"कापलंय हे," तो म्हणाला.

भाचीमुळे अख्खा रस्ता त्याला मामाच म्हणायचा. भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. घरात तिला मासोळी म्हणत. दोन्ही पाय मोनोफिनच्या, म्हणजे एकाच रुंद पात्याच्या, रबरी बुटांत घालून ती एका श्वासात पाण्याखालून सरकायची, तेव्हा तिला खरोखर शेपूट फुटल्यासारखं वाटायचं.

दोन महिन्यांपूर्वी सरावात ती पाण्याखालीच बेशुद्ध पडली. जीवरक्षकाने ओढून काढली म्हणून वाचली. प्रशिक्षकाने विश्रांती न देता सलग पाचव्यांदा उतरवलं होतं, असं तिने शुद्धीवर आल्यावर सांगितलं. क्लबच्या अहवालात मात्र भलतंच आलं. म्हणे, पंक्चरच्या दुकानात चिकटवलेला बूट पाण्यात सुटला आणि मुलगी घाबरली.

ताई तशीच उठून क्लबात गेली. चिटणीस गोड बोलले. झालं गेलं विसरा, क्लब मुलीला नवं फिन देईल, असं त्यांनी सांगितलं. ताईने ऐकून घेतलं.

"नवं नको," ती म्हणाली. "हेच फिन, माझ्याच हाताने चिकटवलेलं, तुमच्या तलावात सगळ्यांदेखत पन्नास मीटर जाईल. वार्षिक स्पर्धेचा फॉर्म द्या."

चिटणीसांनी हसत फॉर्म दिला. कोण येणार आहे, असं त्यांना वाटलं असावं.

मामाला हे कळलं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. मासोळी त्या दिवसापासून डोक्यावर तांब्याभर पाणी घ्यायलाही घाबरत होती. तिला पुन्हा त्याच पाण्यात घालायचं? पण ताईपुढे बोलून उपयोग नसतो, हे तो लहानपणापासून जाणून होता.

ताईने जुने बूट मुळापासून उतरवले. पॉलिश पेपरने जागा खरवडली, सोल्यूशनचे दोन हात दिले, बोटाला नुसतं चिकट लागेपर्यंत थांबली आणि मग नवे बूट दाबून बसवले. मामाला ते जरा मोठे वाटले. तसं तो म्हणालाही.

"पाय काय सगळे सारखे असतात?" ताई म्हणाली आणि शिकंजा आवळला.

त्यानंतर मायलेकी रोज सकाळी सार्वजनिक तलावावर जाऊ लागल्या. दुकान मामा एकटाच उघडायचा. परत आल्यावर ताई आधी फिन साध्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, बुटांच्या आत पावडर शिंपडायची आणि पात्याच्या मुळाशी कुठे पांढरी रेघ उमटली का, ते उजेडात धरून बघायची. ते आडवंच ठेवायचं, हा तिचा दंडक. कुणी भिंतीला उभं केलं की ती गिऱ्हाईक सोडून उठायची; पातं वाकतं म्हणे. दुपारी ती टायरांच्या ढिगाला टेकून डुलक्या काढायची. मासोळीचा घसा कायम बसलेला असायचा. पोरीचे काय हाल चाललेत, असं मामाला वाटत राहायचं.

एकदा त्याच्याने राहवलं नाही.

"पोरीला मारशील तू, ताई. एका रबराच्या तुकड्यापायी."

ताई टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या हातामुळे माझी पोरगी बुडत होती, असं लिहिलंय त्यांनी. ते मी तसंच राहू देणार नाही."

"मग तिला का ढकलतेस?"

"मी कुणालाही ढकलत नाहीये."

मामाचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून त्याने ताईशी बोलणं टाकलं. आठ महिने बहीणभाऊ एका दुकानात मुक्याने पंक्चर काढत राहिले.

स्पर्धेच्या दिवशी काहीही झालं तरी भाचीला हाताला धरून घरी आणायची, असं ठरवून तो निघाला. पण नेमका एक ट्रकवाला पंक्चर झालेलं चाक घेऊन दारात आला. मामा तलावावर पोचला तेव्हा भोंग्यावर चौथ्या लेनचा पुकारा होऊन गेला होता.

काळा पोशाख, टोपी, गॉगल, नाकाला चिमटा. मामाच्या डोळ्यांदेखत ती आकृती पाण्याखाली गेली.

तो काठाने धावला. पहारेकऱ्याने त्याला अडवलं. पाण्याखाली रुंद पातं संथ वर-खाली होत होतं. दहा मीटर. वीस. पलीकडे प्रशिक्षक हाताची घडी घालून उभा होता, शेजारी चिटणीस. तीस मीटरवर लय जडावली. चाळीसवर पातं क्षणभर थांबलं. मग आणखी एक फटका बसला. आणखी एक.

हात भिंतीला लागला. डोकं वर आलं. तीन मोठे श्वास, मग पंचांकडे बोटांची खूण: मी ठीक आहे. दोन्ही बूट पायांत घट्ट होते. चिटणीस टाळ्या वाजवू लागले आणि प्रशिक्षकाकडे बघून थांबले.

ताई कुठे दिसते का, हे मामा गर्दीत शोधू लागला. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं आज तिला तोंडावर ऐकवायचं होतं.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा दंड धरला. शेजारी मासोळी उभी होती. केस कोरडे, गळ्यात स्टॉपवॉच, डोळे भरलेले.

"मामा," बसक्या आवाजात ती म्हणाली, "आई पोचली."